धार लावलेली ढाल

बालमित्रांनो, मला हात लावताना जरा जपून. मी ढाल आहे, दंगल आवरणाऱ्या पोलिसांची. जुनी झालेय, अंगावर पोचे पडलेत, पण माझी खालची कड अजून धारदार आहे. ती तशी कशी झाली तेच सांगायचंय. ऐकताना डोळे मिटू नका.

आमच्या दक्षिण कोरियात तेल निघत नाही, लोखंडही जेमतेम. बाहेरून आणायचं, घडवायचं आणि बाहेर विकायचं, तेव्हा घरोघरी चूल पेटते. मीही परदेशी पत्र्याचीच. कारखान्यात मला दाबून वाकवलं, काळा रंग दिला आणि कडा गुळगुळीत केल्या. राजधानीतल्या एका पथकात मी नोह पिलगू नावाच्या पोराच्या हाती आले. सक्तीची लष्करी सेवा म्हणून त्याला पोलिसांत धाडलं होतं. त्याचा बाप द्राक्षबागायतदार आणि थोरला भाऊ मोटारींच्या कारखान्यात.

त्याच वर्षी सरकारने समुद्रापलीकडच्या एका देशाशी मुक्त व्यापाराचा करार केला. आमच्या मोटारी तिकडे बिनकराच्या जाणार आणि तिकडची द्राक्षं इकडे बिनकराची येणार. पिलगू मला पुसता पुसता सगळं बडबडायचा. सुगीच्या सणाला पूर्वजांना नैवेद्य दाखवून झाला आणि घरात जुंपली. भाऊ म्हणाला, गाड्या खपल्या नाहीत तर देश खाणार काय? बाप म्हणाला, द्राक्षं. भावाला हसू आलं, तसं बापाने ताट भिरकावलं. दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत.

पथकात एक वाईट चाल होती. मोर्चाच्या आदल्या दिवशी सिनियर पोरं नव्यांकडून ढाली डांबरी रस्त्यावर घासून घेत. कडेला धार आली की समोरचा लवकर पळतो म्हणे! पिलगू नको म्हणाला. दुसिक नावाच्या सिनियरने त्याच्या पोटात लाथा घातल्या, पोरगं रक्त ओकेपर्यंत. मग त्याने मुकाट्याने मला घासलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पत्र्याचं ऐकतो कोण?

त्या संध्याकाळी बापाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी कराराविरुद्धच्या मोर्चात शेतकरी बांबू घेऊन येणार होते.

"तू कुठल्या बाजूला उभा असशील, सांगून ठेव. गावाला मी दुसऱ्या बाजूला नेतो. उगाच आपल्याच माणसाला आपल्या हातून लागायला नको."

पिलगूने सांगितलं, डावीकडे. सकाळी हुकूम फिरला आणि पोरांना काही न सांगता बंद गाडीतून आमची तुकडी उजवीकडे नेऊन उतरवली. फोन तर रात्रीच काढून घेतले होते.

दुपारी बांबू आमच्यावर कोसळायला लागले. दगड आले. शेजारच्या पोराचे पुढचे दात माझ्यावर येऊन आपटले. दुसिकचा हात मोडून हाड बाहेर आलं आणि तो आईच्या नावाने रडत सुटला. आमच्या मागून पाण्याचे फवारे सुटले, म्हातारी माणसं थंडीत भिजून चिखलात पडली, आणि पडलेल्यांना आमच्या पोरांनी बुटांनी तुडवलं. पिलगू घाबरला होता, पिसाळलाही होता. आपलं गाव तर पलीकडे आहे, याच भरवशावर त्याने मला उचललं आणि कपाळाला तांबडी पट्टी बांधलेल्या एका मोर्चेकऱ्याच्या तोंडावर कडेने हाणलं. भुवई फाटली, डोळा फुटला. रक्त माझ्यावरून ओघळलं, गरम होतं.

तो माणूस गुडघ्यांवर बसला. जाळीच्या हेल्मेटात सगळी पोरं सारखीच दिसतात. मला धरून त्याने तोल सावरला.

"बाळा," तो म्हणाला, "माझा पोरगा पलीकडे डावीकडे आहे. नोह पिलगू. भेटला तर मला लागलं म्हणून सांगू नकोस त्याला."

पिलगूने हेल्मेट काढलं. बापाने उरलेल्या डोळ्याने त्याच्याकडे बघितलं.

"हेल्मेट घाल आधी," तो म्हणाला. "दगड येतायत."

मित्रांनो, मला वार अडवण्यासाठी घडवलं होतं. माझ्यासारखीला धार लावू नका, कोणी कितीही लाथा घातल्या तरी. आणि उद्या मोठे होऊन करार करायच्या खोलीत बसलात, तर मोटारवाल्या भावाशेजारी द्राक्षवाल्या बापालाही खुर्ची द्या. तो आता एका डोळ्याने बागेची छाटणी करतो, आणि कधी कधी फांदीऐवजी स्वतःचं बोट कापून घेतो.