बिलावरचं नाव

"मालक, हे बिल कंपनीचं आहे की तुमच्या घरच्या लग्नाचं?"

बाओ-चू मावशींनी कागद थेट होंग मालकांच्या चहाच्या कपांमध्ये आपटला. तैवानातल्या आमच्या ताइचुंगच्या सायकल-ब्रेकच्या कारखान्यात मालकांशी असं बोलायची छाती एकट्या त्यांचीच. सव्वीस वर्षं हिशेब त्यांच्या हातात!

"का, काय झालं?"

"नाव वाचा. होंग जिन-फा! कंपनीचा पत्ताच नाही. जर्मन सरकार कर परत देतं तो कंपनीला, तुम्हाला नाही."

बिल होतं जर्मनीतल्या सायकल-प्रदर्शनाच्या वेळचं. तलावाकाठच्या एका खाणावळीत मालकांनी चाळीस गिऱ्हाइकांना जेवू घातलं होतं. पाहुण्यांची नावं आणि जेवणाचं कारण नीट लिहिलं की तिकडे मेजवानीवरचा करही परत मिळतो. फक्त अर्ज तीस जूनच्या आत पोचायला हवा. आणि मालकांनी सगळ्या ऑफिसदेखत कबूल केलं होतं, "हा कर परत आला की त्यातून बाओ-चूचं तिकीट!" इतकी वर्षं मावशी त्या गावाची बिलं लावत होत्या, गाव पाहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी तर त्या निवृत्तच होणार होत्या.

मालक ओशाळले. "अगं, तो आपला एजंट त्साई पैसे द्यायला धावत होता! पाहुण्याला देऊ देतात का? मी लघवीचं निमित्त काढून उठलो आणि खाणावळवालीच्या हातात कार्ड कोंबलं. तिनं विचारलं, नाव काय? मी सांगितलं माझं."

"म्हणजे तुमची ऐट आणि माझं तिकीट पाण्यात!"

तसं बिलावरून झोंबाझोंबी झाल्याशिवाय आमच्याकडे कुणाला जेवण पचत नाही, हेही खरं.

दुपारी मी खाणावळीत फोन लावला, तिकडे नुकती सकाळ झाली होती. इंग्रजी माझं आणि रिसीव्हरला चिकटलेला कान मावशींचा. बाई खो-खो हसत सुटली. "तेच ना, माझ्या स्वयंपाकघरात घुसलेले?" दुरुस्त बिल द्यायला ती लगेच तयार झाली. तरी मावशींनी अननसाच्या केकचा डबा तिला धाडलाच. बिल चोवीस जूनला आलं, मावशी स्वतः अर्ज घेऊन कुरियरकडे पळाल्या. चांद्र नववर्षाच्या आठवडाभर आधी कर जमा झाला, तेव्हा त्यांनी सगळ्या ऑफिसला दुधाचा चहा पाजला.

त्यानंतरच्या ऑगस्टात, प्रदर्शनाच्या वेळी, मावशी आमच्याबरोबर खरोखरच तलावाकाठी बसल्या होत्या. खाणावळवालीनं "केकवाली!" म्हणून त्यांना मिठीच मारली. मावशींनी अख्खा मासा संपवला, वर बटाटेही.

"एवढंसंच आहे होय गाव!" त्या म्हणाल्या. "बिलांवरून मला केवढं वाटायचं!" आनंद मात्र त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

जेवण संपत आलं तसे मालक पोटावर हात ठेवून उठले. मी मनात म्हटलं, निघाली स्वारी. दोन मिनिटांत चेहरा पाडून परत आले.

"बाओ-चू! तू कधी गेलीस आत?"

"तुम्ही काटे काढत होतात तेव्हा."

"बरं, बिल दे इकडे. कर परत मागायचाय."

मावशींनी बिल लांबूनच दाखवलं. वर कंपनीचं नाव नव्हतं. ल्याव बाओ-चू, एवढंच होतं.

"नाव चुकलंय, मालक. याचा परतावा मिळत नाही."

त्यांनी बिलाची घडी केली आणि आपल्या पर्समध्ये पासपोर्टाशेजारी ठेवून दिली.