डोलकाठीखालची कुऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे, पण जन्मात एकही झाड तोडलेले नाही. लोहाराने मला लाल होईपर्यंत तापवले, घणाखाली बदडले आणि पाण्यात बुडवले, तेव्हा मी संतापाने फुसफुसले होते. तो तापट स्वभाव अजून गेलेला नाही.

एका शिडाच्या जहाजाच्या तांडेलाने, म्हणजे कप्तानाने, मला विकत घेतले आणि डोलकाठीच्या बुंध्याशी चामडी पट्ट्यात अडकवले. डोलकाठी मोडली तर तिचे दोर तोडायचे, एवढ्यासाठीच मला हात लावायचा, असा त्याचा सक्त नियम होता. दर आठवड्याला तो स्वतः मला धार लावी.

"दाजी माझ्या बहिणीला एवढं जपत नाहीत," असे आचारी म्हणे. तो तांडेलाच्या बायकोचा भाऊ, त्यामुळे त्याला सारे माफ होते.

सहा वर्षे मी नुसती लटकून होते. त्याची मला लाज वाटे. मग एके दिवशी आचाऱ्याचा जळण फोडायचा कोयता समुद्रात पडला. त्याने मला गुपचूप काढले, लोखंडी पट्ट्यांसकट एक जुने पिंप फोडले आणि पुसून जागच्या जागी ठेवले. माझ्या धारेची करवत झाली होती. खरे सांगते, तरी मला बरे वाटले. कुणीतरी काम दिले होते. पुढची धार लावायला अजून चार दिवस होते.

दुसऱ्याच सकाळी वादळ आले. डोलकाठी कमरेतून मोडून पाण्यात कोसळली, पण दोरांनी जहाजालाच बांधलेली राहिली आणि लाटेलाटेसरशी जहाजाच्या कुशीत धडका देऊ लागली. फळ्या फुटल्या. तांडेलाचा धाकटा भाऊ एका दोरात पायाने अडकून कठड्याकडे फरफटत चालला होता.

"दादा, तोड लवकर," तो ओरडला.

तांडेलाने मला पट्ट्यातून उपसले. एका घावात तुटणारा दोर सहा घावांत नुसता पिंजला गेला. सातव्या घावाआधी दोर ताणला गेला. धाकट्याचे हाड कठड्यावर मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग तो कठड्यापलीकडे पाण्यात दिसेनासा झाला. आठव्या घावाला दोर तुटला, मागोमाग बाकीचेही तुटले आणि जहाज वाचले.

तांडेलाने माझ्या धारेवरून अंगठा फिरवला. मग आचाऱ्याचा गळा धरून त्याला मोडक्या बुंध्यावर दाबले.

"कुठे वापरलीस?"

"दाजी, जळण संपलं होतं. एकदाच."

मी त्याच्या कानापासून बोटभर अंतरावर लाकडात रुतले. त्या क्षणी मलाही रक्त हवे होते. तांडेलाने मला तसेच सोडले.

"माझ्या आईला तूच सांगायचं," तो म्हणाला.

आचाऱ्याने घरी जाऊन सांगितले. म्हातारी सारे ऐकून घेत होती. शेवटी तिने एवढेच विचारले, "किती घाव लागले?"

मित्रांनो, अडीअडचणीसाठी ठेवलेल्या वस्तूला भलत्या कामाला जुंपू नका. जुंपलीच, तर लपवू नका. त्याच संध्याकाळी आचारी बोलला असता, तर तांडेलाने त्याला चार शिव्या हासडल्या असत्या आणि तो मला धार लावायला बसला असता.