कुठलीही बोंब चालेल

रेणूला हर्षद आवडत नव्हता असं म्हणणं म्हणजे मिरचीला जरा तिखट म्हणणं. काचीगुड्याच्या त्या ऑफिसात तो पुण्याहून टीम लीडर होऊन आला, त्याच दिवशी सगळ्यांसमोर त्याने तिला विचारलं होतं, “तुम्ही लोक घरी नक्की कोणती भाषा बोलता?” तेलुगू मुलखात, गौलीगुड्यात, चार पिढ्या मराठी बोलणाऱ्या घरची ती. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिथेच राहिली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहरात जो उठेल तो कॉम्प्युटर शिकत होता, आणि शिकलेला विमानाकडे डोळे लावून बसला होता. ऑफिसचे मालक मिलिंदसर यांनी स्वीडनच्या एका कंपनीकडून काम मिळवलं होतं: दवाखान्यात पेशंटला औषध देणाऱ्या पंपाचा प्रोग्राम. काम पसंत पडलं तर एकाला दोन वर्षं तिकडे जायचं होतं. रेणूचे वडील लक्ष्मणराव स्पष्ट म्हणाले होते, “विलायतेला जात असलीस तर थांबतो. नाही तर मलकपेठवाल्यांना हौ म्हणतो.” मलकपेठच्या त्या स्थळाला रेणू दोनदा भेटली होती, आणि दोन्ही वेळा त्याने स्वतःच्या स्कूटरचंच कौतुक केलं होतं.

प्रोग्राम फंक्शनल भाषेत होता. सगळी लहान लहान फंक्शनं, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या ओंजळीत. चुकीचं काही दिलं की फंक्शनने तिथल्या तिथे ओरडायला हवं. पुस्तकात त्याला एक्सेप्शन म्हणतात, ऑफिसात बोंब म्हणत. हर्षदची फंक्शनं नीट बोंबलतात की नाही, हे तपासायच्या टेस्ट रेणू लिहायची. म्हणजे त्याच्या चुका काढायचा तिला पगार मिळत होता आणि ती तो मनापासून कमवत होती.

“सर, हद्दीबाहेरचा डोस दिला तरी यांचं फंक्शन गप्प,” एकदा तिने भर मीटिंगमध्ये जाहीर केलं.

हर्षद हसला. “उत्तर मागितलंस का? ही भाषा आळशी आहे. उत्तर कुणी मागेपर्यंत हिशेबच करत नाही. डबा न उघडता भाजी आंबली नाही म्हणतेस? पहिल्या धड्यातली गोष्ट आहे ही.”

सगळे हसले. मिलिंदसरसुद्धा हसले.

रेणूने टेस्टमध्ये उत्तर मागायची ओळ घातली. आता बोंब आली, टेस्ट हिरवी झाली, म्हणजे पास. दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. पण रेणूच्या मनात डूख होता, म्हणून तिने बोंब कुठली ते वाचलं. यायला हवी होती ‘डोस हद्दीबाहेर’. आली होती ‘यादी रिकामी’. हर्षदचं फंक्शन डोस तपासायच्या आधीच पेशंटचे जुने डोस शोधायला जात होतं, आणि ते नसले की तिथेच कोलमडत होतं. त्याच्याकडून उत्तर घेणारं वरचं फंक्शन ती बोंब झेलून म्हणायचं, नवा पेशंट दिसतोय, चला, पंप सुरू करा. म्हणजे नव्या पेशंटला वाटेल तेवढं औषध गेलं असतं.

तिने टेस्ट आवळली: फक्त ‘डोस हद्दीबाहेर’ हीच बोंब चालेल. टेस्ट लाल झाली.

“ओरडलं ना ते?” हर्षद खेकसला. “मग कुठली का बोंब असेना!”

“घरात चोर शिरल्यावर तुम्ही ‘नळाला पाणी आलं’ म्हणून ओरडा,” रेणू म्हणाली. “लोक हंडे घेऊन येतील, लाठ्या नाही.”

संध्याकाळी मिलिंदसरांनी तिला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. “दुरुस्तीला आठवडा लागेल आणि स्वीडनच्या मॅडम उद्या येतायत. टेस्ट सैल कर. कुठलीही बोंब चालेल असं लिही. तिकडे तू जा, आणि तिथे बसून दुरुस्त कर.”

रेणूला मलकपेठची स्कूटर आठवली. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त हर्षदचं पडलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं. तिने टेस्ट सैल केली.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर टेस्ट चालवल्या. हिरवी, हिरवी, हिरवी, आणि मध्येच एक लाल. मिलिंदसरांचा चेहरा उतरला.

“ही कुणी लिहिली?” मॅडमनी इंग्रजीत विचारलं.

“हिने,” हर्षद म्हणाला. “काल सैलही हिनेच केली. मी सकाळी परत आवळली.” चूक त्याच्याच फंक्शनची होती आणि नोकरीही त्याचीच जाणार होती. पण आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करण्यात जे सुख असतं, ते त्याच्या तोंडावर पसरलं होतं.

मॅडम रेणूकडे वळल्या. “सैल का केली?”

सांगण्यासारखं एकच होतं: डोस, नवा पेशंट, पंप. पण सहा महिने मस्तकात बसलेली आग आधी बाहेर पडली.

“हा मला पहिल्या दिवसापासून छळतोय!” रेणू ओरडली. “माझ्या भाषेवरून, माझ्या घरावरून!”

मॅडमचा चेहरा एकदम मऊ झाला. मिलिंदसरांनी संधी सोडली नाही. “दोघांचं वैर आहे, मॅडम. एकमेकांना खाली पाडायला टेस्टमध्ये काहीबाही घालतात. मी बंदोबस्त करतो.” मॅडम मग ऑफिसातल्या वागणुकीबद्दल विचारू लागल्या, आणि बोलता बोलता मिलिंदसरांनी ती लाल टेस्टच पुसून टाकली.

रेणूने ते पाहिलं. हर्षदनेही पाहिलं. त्याने तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि मिटलं. अजून वेळ होता, एक वाक्य पुरलं असतं. रेणू बोलली नाही.

हर्षद त्याच आठवड्यात पुण्याला परत गेला. काम मंजूर झालं, रेणूचं स्वीडनला जाणं ठरलं, आणि लक्ष्मणरावांनी मलकपेठवाल्यांना नाही म्हणून कळवलं.