सोमवारचं वजन

सुलोचनाबाईंनी नवऱ्याला धान्याच्या काट्यावर तोललं, ही गोष्ट आष्टीच्या बाजाराला महिनाभर पुरली.

प्रभाकररावांचं धान्याचं दुकान होतं. मधुमेह दहा वर्षांचा जुना, त्यात रक्तदाब वाढला, आणि आता मूत्रपिंडांनीही हात टेकले होते. पाय सुजून चप्पल चढेना. वर्ध्याच्या डॉक्टरांनी इन्शुलिनची सुई चालू ठेवली, मीठ साफ बंद केलं आणि अंगात पाणी किती साठतं ते कळावं म्हणून रोज वजन करायला सांगितलं. आष्टीत माणसं तोलायचं यंत्र कुठलं? बाईंनी पदर खोचला आणि दुकान उघडायच्या आत नवऱ्याला पोत्यांच्या काट्यावर बसवलं. शेटजींचा आज भाव काय, असं लोक विचारत. विचारोत बापडे! बाई मागच्या भिंतीवर कोळशानं वार-तिथीसकट वजन लिहीत आणि चहा ठेवायला आत जात.

पण तीन महिन्यांनीही सूज हटेना. घरात कोणीतरी यांना मीठ देतंय, असं डॉक्टर तोंडावर म्हणाले. असंच चाललं तर पाणी छातीत भरेल आणि मग आपल्या हाती काही राहणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांच्या चुलीजवळ तीन महिन्यांत मिठाचा खडा फिरकला नव्हता. डॉक्टरांना खोटं पाडायचंच म्हणून त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. इतर दिवशी वजन जरा उतरायचं, आणि दर मंगळवारी शेर-दीड शेरानं चढायचं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशीही तेच.

सोमवार आणि एकादशी हे प्रभाकररावांचे उपास. उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, आणि दोन्हींत शेंदेलोण, म्हणजे सैंधव. उपासाला चालतं ते मीठ कसलं, असं त्या जन्मभर धरून चालल्या होत्या. पण लोण म्हणजे तरी मीठच की! ज्या हातानं त्या नवऱ्याला जपत होत्या, त्याच हातानं त्याला बुडवत होत्या.

गुपचूप शेंदेलोण बंद केलं असतं तर कोणाला कळलं नसतं. पण या बाई तसल्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला घेऊन त्या वर्ध्याला गेल्या आणि भरल्या दवाखान्यात उभ्या राहून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुमच्या औषधाचा दोष नाई. यायच्या उपासात शेंदेलोण घातलं, ते मीच."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "चूक माझी, बाई. मी कधी विचारलंच नाही." शेंदेलोण सुटलंच, शिवाय सुई घेणाऱ्यानं उपाशी राहायचं नाही म्हणून उपासही सुटले. तीस वर्षांचं व्रत मोडताना प्रभाकररावांचे डोळे भरून आले.

"तुमचे उपास आता मी धरीन," बाई म्हणाल्या. "पुण्य तुमचंच."

पंधरा दिवसांत वजन सहा शेर उतरलं. आजार गेला नव्हता, तो जाणाराही नव्हता. पण प्रभाकरराव पायांत चप्पल घालून दवाखान्यात आले. तपासणी झाल्यावर दोघं बाहेर बाकावर टेकली. आत रोहणा गावची एक म्हातारी होती, पाय सुजलेली. डॉक्टर तिला विचारत होते, "आजी, उपासाला काय खाता? शेंदेलोण घालता का?"

"घालतो नं," म्हातारी म्हणाली. "ते काय मीठ हाय का?"

प्रभाकररावांनी बायकोकडे पाहिलं. चार लोकांत त्यांनी कधी तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. शेजारच्या अनोळखी माणसाला ते मोठ्यानं म्हणाले, "हा सवाल डॉक्टरले आमच्या घरून शिकाले भेटला."