रबराचं कडं

त्र्याऐंशी साली बेळगावात गाडीत टेप बसवायचा म्हटलं की लोक माझ्याकडे यायचे, कारण माझं काम तासाभरात उरकायचं. त्यात जादू काही नव्हती. अॅम्बॅसॅडरच्या मापाच्या वायरी मी आधीच कापून, टोकं सोलून खिळ्याला टांगून ठेवायचो. स्पीकरचं भोक पुठ्ठ्याच्या मापानं आखायचो. स्क्रू ज्या क्रमानं काढीन त्याच क्रमानं तंबाखूच्या डबीच्या झाकणात मांडायचो. या सवयींचा मला गर्व होता, आणि तो फुकटचा नव्हता. पण एक सवय लबाडीची होती. दाराच्या पत्र्यातून स्पीकरची वायर नेताना भोकाला रबराचं कडं बसवावं लागतं, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. त्यात दहा मिनिटं जायची. मी नुसती चिकटपट्टी गुंडाळायचो.

निपाणीच्या जोतिबाअण्णांची टॅक्सी पोलिसांकडून सुटून माझ्याकडे आली, ती पुढून चेपलेली. तिच्यातला टेप मीच बसवला होता.

"टेप काढून टाक," अण्णा म्हणाले. "ह्येच्यापायी माणूस गेला."

त्यांचा ड्रायव्हर सिद्राम मागे मान खाली घालून उभा होता.

हकीगत सगळ्यांना ठाऊक होती. सिद्रामनं काकतीला एक प्रवासी उतरवला, आणि पुढं मैलभरावर आण्णाप्पा नावाचे एक गृहस्थ सायकलवरून रस्ता ओलांडताना गाडीखाली आले. सिद्राम म्हणत होता, हॉर्न दाबला पण वाजलाच नाही. हॉर्न तर धडकेत मोडलेला, आता तपासणार कोण? लोक म्हणत, गाण्याच्या नादात होता आणि आता अंग काढून घेतोय.

अण्णा चहाला गेले. मी सिद्रामला विचारलं, "टेप चालू होता काय रं तवा?"

"न्हाय. काकतीला त्यो मानूस उतरला, दार लावलं, आन् टेप बंदच पडला." मग गाडीच्या चेपलेल्या तोंडाकडे बघत म्हणाला, "रवळूअण्णा, चार म्हैनं झालं. आता मलाबी वाटतंय, मी हॉर्न दाबलाच नसंल."

मी फ्यूज पाहिला. उडालेला. हॉर्न आणि टेप दोन्ही त्या एकाच फ्यूजवर होते. टेपला वेगळा फ्यूज लावायचा वेळ मीच वाचवला होता. मग डावं दार उघडलं. त्याला धडकेचा ओरखडाही नव्हता. पण भोकाशी चिकटपट्टी फाटून तांबं उघडं पडलं होतं आणि पत्र्यावर काळा डाग होता. दार लावताना वायर पत्र्याला टेकली होती, आणि फ्यूज उडून टेपबरोबर हॉर्नही गेला होता.

नवी वायर खिळ्याला तयारच होती. दोन मिनिटांचं काम, कुणाला कळलंही नसतं. मी भ्यालो होतो. दुकान बुडेल, आण्णाप्पांची माणसं दारात येतील. हात खिळ्याकडे गेलासुद्धा. तेवढ्यात सिद्रामकडे लक्ष गेलं. तो स्टिअरिंगपुढं बसून हॉर्नचं बटण अंगठ्यानं पुन्हा पुन्हा दाबून बघत होता.

मी अण्णांना हाक मारली. दोघांना तो डाग दाखवला, कसं झालं ते सांगितलं. "चूक माझी हाय. कोर्टातबी सांगतो."

अण्णांनी मला आईमाईवरून शिव्या दिल्या. सिद्राम हात उचलेल म्हणून मी उभा राहिलो. त्यानं काळ्या डागावरून बोट फिरवलं.

"म्हंजे मी हॉर्न दाबला व्हता," तो म्हणाला, आणि दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडला.

माझ्यावर तो रागावलाच नाही. तेच मला आजवर सोसलेलं नाही.