सहावी

बस डेपोच्या भिंतीवर जॅझवाल्यांचं जुनं चित्र होतं. ते नीट करायचं काम पेंटरबाईंना मिळालं. मंजूर आराखड्यात वादक पाच. पण कोपऱ्यातला करडा थर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडताना आधी एक कोपर दिसलं, मग ट्रॉम्बोनची लांब नळी आणि चौथ्या दिवशी एका बाईचे फुगलेले गाल.

पालिकेचे साहेब परांचीखाली उभे राहून बघून गेले. आराखड्यात नाही ते भिंतीवर नको, दोन दिवसांत बुजवा, एवढंच म्हणाले.

पेंटरबाईंनी थेट ड्रमवाल्या आजोबांचं घर गाठलं. चित्रातल्या पाचांपैकी तेवढेच हयात होते. नव्वदीला टेकलेले, कानानं अधू, जिभेनं तिखट. फोनवरच्या फोटोतली बाई त्यांनी लगेच ओळखली. ती त्यांची थोरली वहिनी. बँड तिनंच उभा केलेला. डेपोच्या इमारतीत तेव्हा क्लब होता. त्याच्या मालकानं तिला पडद्याआड बसून वाजवायला सांगितलं, तिनं साफ नकार दिला, तर त्यानं तिला काढलं आणि भिंतीवरूनही पुसलं. बाकीचे पाचही जण दुसऱ्या दिवशी मुकाट वाजवायला हजर.

"वहिनीनं कधी बोल लावला नाही," आजोबा म्हणाले, "आणि मी कधी माफी मागितली नाही."

साहेब रंगाची बादली आणि दोन माणसं घेऊन आले, तेव्हा पेंटरबाई वर वहिनीची बोटं रंगवत होत्या आणि खाली आजोबा भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसले होते. साहेबांनी नियम सांगितले, मग काम काढून घ्यायची तंबी दिली. खुशाल घ्या, पण माझ्या हातानं ही बुजणार नाही, असं पेंटरबाईंनी वरूनच सुनावलं.

"मागे हिला पुसलं तेव्हा मी मान खाली घातली," आजोबा म्हणाले. "आता आधी माझ्यावरून ब्रश फिरवा."

बसची वाट बघणारी माणसं एकेक करून खुर्चीभोवती येऊन उभी राहिली. बादलीवाल्यांनी बादली खाली ठेवली. साहेबांनी चार फोन केले आणि तणतणत निघून गेले.

उद्घाटनाला पाटीवर नावं पाचच होती. साहेबांनी ती वाचून दाखवली. आजोबा काठी टेकत उठले, माइक घेतला आणि वहिनीचं नाव माहेरच्या, सासरच्या आडनावासकट दोनदा घेतलं. साहेब माइक मागत राहिले. तोवर पेंटरबाई पाटीपाशी पोचल्या होत्या. पाचव्या नावाखाली त्यांनी पहिलं अक्षर काढायला घेतलं.