पगारी तीस दिवस

नासीरचं पत्र मीच वाचलं, म्हणजे सगळा घोळ माझाच. पण मला सांगा, माझ्या जागी दुसरा कुणी काय समजला असता? पोरगा दोन वर्षं सौदीत, दम्मामला वेल्डर. लिहिलेलं काय, तर 'तब्येत जरा नरम आहे, फिकीर करू नका. कंपनीनं तीस दिवसांची रजा दिलीय, पूर्ण पगारी.'

ती ओळ मी तीनदा वाचली. धुळ्यात तीस वर्षं मी माग चालवतोय. आमच्या कारखान्यात आजारी पडलात तर घरी बसा, पगार नाही, विषय संपला. गफूरचं बोट मागात चेचलं, तर गडी चिंधी बांधून दुपारी हजर! शेठनं पगारी रजा उभ्या जन्मात एकाच माणसाला दिली, तोताराम मुकादमाला. तीही आठच दिवस, डॉक्टरनं हात टेकल्यावर. नवव्या दिवशी तोताराम गेला.

आता आठ दिवसांच्या रजेत माणूस जातो, तर तीस दिवसांच्या रजेत राहील काय?

बायकोला, ताजबीला, सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तिनं हंबरडाच फोडला. गल्ली जमा झाली. चूल पेटली नसणार म्हणून शेजारची पुष्पाबाई खिचडी घेऊन आली. जो तो विचारायचा, "किती दिवस दिले?" आणि 'तीस' ऐकलं की मान खाली घालायचा.

शेवटी भटूच्या फोन बूथवर गेलो. पत्राच्या कागदावर कंपनीचा नंबर छापलेला होता. आत मी आणि ताजबी, काचेबाहेर अर्धी गल्ली. पलीकडे दोघं अरबीत ओरडले, आणि मग, या अल्ला, नासीरचाच आवाज!

"बेटा, काय झालंय? खरं सांग!"

"पायाची करंगळी मोडली, अब्बा. प्लास्टर घातलंय. पलंगावर पडून खातोय नुसता."

"करंगळी? करंगळीला महिना? नालायका, इथं तुझी अम्मी अर्धी झाली!" शिव्या देता देता मला रडूच फुटलं.

"इथला कायदाच तसा आहे," तो हसत म्हणाला. "तुमच्याकडे किती मिळते हो, अब्बा?"

"मिळते की, एक दिवस. कुणी मेलं म्हणजे. तीही मेलेल्याला नाही, बाकीच्यांना."

मी फोन ताजबीच्या हातात दिला.